शाई-कागदासाठी लिहिलेले पत्र

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात, भंडारा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला "परदेशी शिक्षण आणि आपली मुले" या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. विषय मोठा आहे आणि मी साधा शाळामास्तर. निवृत्त झालो तरी माझी नजर अजून पोरांच्या दप्तरावरच जाते. म्हणून मी आज मोठ्या विषयाचा एक लहान कोपरा धरणार आहे. परक्या देशात शिकायला गेलेल्या मुलाने वही, पेन, पुस्तक कुठून घ्यायचे, कसे घ्यायचे आणि पैसे नसतील तर काय करायचे, एवढेच मी बोलणार आहे. आपल्याला वाटेल, यात भाषण करण्यासारखे काय आहे? पण बंधूंनो, मला यातच बरेच काही दिसते.

माझ्या भाचीची गोष्ट सांगतो. २०१९ च्या सप्टेंबरात ती शिष्यवृत्तीवर इंग्लंडला एका विद्यापीठात शिकायला गेली. आमच्या घराण्यातून विमानात बसणारी ती पहिली. जाण्याच्या आधी आठ दिवस घरात लग्नघाई होती. तिच्या आईने भंडाऱ्याच्या बाजारातून दोन डझन लांब वह्या घेतल्या, पेनांची दोन पाकिटे घेतली, रजिस्टरे घेतली. मी स्वतः तिला जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स काढून, बांधून दिल्या. एक पेटी नुसती कागदाने भरली. आम्हाला वाटले, पोरीला तिकडे काही कमी पडू नये. विमानतळावर वजन केले तर पेटी मर्यादेच्या बाहेर. जादा वजनाचे पैसे भरावे लागले. त्या पैशात तिकडे एक चांगला गरम कोट आला असता.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "मामाजी, इथे वर्गात फारसे कोणी वहीवर लिहीत नाही. व्याख्यानाचे कागद आधीच संगणकावर मिळतात. तुम्ही दिलेली पुस्तके तर ग्रंथालयात नव्या आवृत्तीत आहेत. मला हवा होता कोट, आणि मी आणल्या वह्या." आम्ही दोघेही हसलो. पण त्या हसण्यात शिकण्यासारखे पुष्कळ होते. आपण प्रेमापोटी जे बांधून देतो ते आपल्या अनुभवातले असते. तिकडची गरज वेगळी असते. म्हणून जाणाऱ्या मुलांसाठी तिच्याकडून आणि तिच्यानंतर गेलेल्या मुलांकडून मी जे ऐकले ते क्रमाने सांगतो. विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे.

पहिली गोष्ट, पुस्तकांची यादी हाती आली म्हणून लगेच दुकानात धावू नये. पहिला आठवडा जाऊ द्यावा. शिक्षक यादी मोठी देतात, त्यातली दोन-तीन पुस्तके रोजची असतात, बाकीची संदर्भाची. रोजची पुस्तके आधी ग्रंथालयात पाहावीत. ज्या पुस्तकांना मागणी जास्त असते ती तिकडे काही तासांपुरती दिली जातात, म्हणजे सर्वांना वाचायला मिळतात. बरीच पुस्तके ग्रंथालयामार्फत संगणकावर फुकट वाचता येतात. विकतच घ्यायची झाली तर वरच्या वर्गातल्या मुलाकडून जुनी प्रत घ्यावी आणि वर्ष संपल्यावर खालच्या वर्गातल्याला द्यावी. आपल्याकडे शाळेत आपण हेच करत आलो आहोत. तिकडे गेल्यावर त्याची लाज कशाला?

दुसरी गोष्ट, कागद आणि वीज. अमेरिकेत आपला ए-फोर कागद चालत नाही. तिकडचा कागद थोडा रुंद आणि थोडा आखूड असतो, म्हणून इकडून नेलेल्या फायली तिकडे नीट बसत नाहीत. इंग्लंड, जर्मनीत ए-फोरच असतो. विजेचा दाब इंग्लंड, जर्मनीत आपल्यासारखाच, पण प्लगचा आकार वेगळा. अमेरिकेत दाबच आपल्या निम्म्याच्या आसपास. लॅपटॉपचा चार्जर बहुधा दोन्हीकडे चालतो, तरी त्यावर छापलेले आकडे वाचून घ्यावेत. प्लग जोडण्याचा अडॅप्टर मात्र इथूनच घेऊन जावा. परक्या गावात पहिल्याच रात्री लॅपटॉप आणि फोन दोन्ही बंद पडले तर माणूस फार एकटा पडतो.

तिसरी गोष्ट, चष्मा. ज्याला चष्मा आहे त्याने दुसरा चष्मा बनवून सोबत न्यावा. विद्यार्थ्याच्या सामानातील सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. कॅल्क्युलेटर लागत असेल तर परीक्षेत कोणता चालतो हे विचारूनच घ्यावा.

चौथी गोष्ट, प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवावी. शिष्यवृत्तीत पुस्तके आणि साहित्य यांसाठी वेगळी रक्कम असते. हिशेब मागितला तर तोंडी सांगून भागत नाही.

आणि पाचवी गोष्ट, गुणाकार. माझ्या भाचीने तिकडच्या दुकानात एक वही हाती घेतली. किंमत तीन पौंड. पौंड तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. तिने मनात गुणाकार केला आणि दोनशे सत्तर रुपयांची वही परत ठेवून दिली. तेव्हा आईने दिलेल्या दोन डझन वह्या कामी आल्या, हेही सांगितले पाहिजे. आईचे प्रेम वाया गेले नाही. पण हा गुणाकार पुढे भाकरीलाही लागला, आणि खरे दुखणे तिथे आहे.

झाले असे की शिष्यवृत्तीच्या निर्वाहभत्त्याचा पहिला हप्ता वेळेवर आला नाही. कुठे कोणता कागद अडला, ते सांगत बसत नाही. दोष देऊन पोट भरत नाही. जवळचे पैसे खोलीच्या भाड्यात गेले. दीड महिना ती पाव आणि उकडलेले बटाटे खाऊन राहिली. एका विषयाचे पुस्तक ग्रंथालयात मिळेना, ते घ्यायचे होते. त्यासाठी तिने दुपारचे जेवण सोडले. हे आम्हाला केव्हा कळले? सहा महिन्यांनी. मी रागावलो. म्हटले, "बेटा, एक फोन करायचा होता." ती काय म्हणाली, ते ऐका. म्हणाली, "मामाजी, तुम्हीच आम्हाला लहानपणापासून शिकवले ना, बाबासाहेब लंडनला उपाशी राहून शिकले. मग मी कशाला रडायचे?"

मी निरुत्तर झालो. त्या रात्री मला झोप आली नाही. तीस वर्षे १४ एप्रिलला मी मुलांना जे सांगत आलो, त्यात माझे काही चुकले का, याचा मी विचार करू लागलो. आज तो विचार आपल्यापुढे मांडतो.

बाबासाहेबांच्या पुस्तकांची कथा आपल्याला माहीत आहे, पण ती पुन्हा नीट पाहू. पुस्तकांची ओढ त्यांना शाळेपासून होती. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की, भीमरावाने पुस्तक मागितले की सुभेदार रामजी आपल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. म्हणजे भीमराव पुस्तक वाचत होते तेव्हा त्यांच्या बहिणीचा हात मोकळा होता. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बाप, बहिणी, गुरुजी, इतक्यांचे हात त्या पुस्तकांना लागले होते.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. त्या वेळी एका पौंडाचे पंधरा रुपये होत, म्हणजे सुमारे एकशे बहात्तर रुपये. त्यातच राहणे, खाणे, पुस्तके, आणि घरीही काही पाठवणे. मोकळा वेळ मिळाला की ते न्यूयॉर्कमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. अशी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके त्यांनी तिकडे जमवली, असे कीर लिहितात. दोन हजार! नवी घेण्याची ऐपत नव्हती म्हणून ते रिकाम्या हाताने परतले नाहीत. जुनी घेतली. जुने पुस्तक घेतल्याने विद्या जुनी होत नाही.

१९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून लंडनहून परत यावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ते एका बोटीने आले आणि त्यांचे सामान व पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. मित्रहो, एखादा खचला असता. बाबासाहेबांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले.

तिथे पुस्तक विकत घेण्यापेक्षा ग्रंथालयात बसून वाचण्यावर त्यांनी भर दिला. सकाळी लवकर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे ते बंद होईपर्यंत. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय होते, विद्यापीठाचे होते. रात्री खोलीवर भूक लागली की पापड भाजायचे आणि कपभर दूध घ्यायचे. याच काळात रुपयाचा भाव कोसळत होता. १९२० च्या सुरुवातीस रुपया दोन शिलिंगांच्या वर होता, १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली गेला. हिशेब करून पाहा. वीस शिलिंगांचा एक पौंड. दोन शिलिंगांच्या भावाने एक पौंडाचे पुस्तक दहा रुपयांना पडते, तेच पुस्तक एक शिलिंग चार पेन्सांच्या भावाने पंधरा रुपयांना पडते. रुपयांत साठवलेल्या पैशावर लंडनला राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा हिशेब रोजचा. आणि बाबासाहेबांचा डी.एस्सी.चा प्रबंध कशावर होता? रुपयाच्या प्रश्नावर. तो १९२३ साली लंडनलाच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

इथवर आपण सर्वजण सांगतो. पापड सांगतो, पाव सांगतो, ग्रंथालय सांगतो. पण पुढचे सांगायचे राहून जाते. बाबासाहेब लंडनला परत गेले तेव्हा त्यांनी नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली होती. म्हणजे बाबासाहेबांनी मागितले. संकोच केला नाही. विद्येसाठी मागणे म्हणजे लाचारी नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. पुढे १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयांना लेखी निवेदन दिले, त्यात आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठीही, सरकारने पैसा द्यावा अशी मागणी केली. जो स्वतः पापडावर राहिला त्याने पुढच्या पिढीला "तुम्हीही पापडावर राहा" असे म्हटले नाही. त्याने सरकारकडे तुमच्यासाठी पैसे मागितले. माझे चुकले ते इथे. मी मुलांना भूक सांगितली, मागणे सांगितले नाही.

आता आणखी मागे जाऊ. आपल्या जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० च्या उत्खननात तिथे प्राचीन स्तूप सापडला. तिथली पावले ज्या धम्माच्या वाटेवरची, त्याच धम्माच्या वाटेने सातव्या शतकात चीनमधून भिक्खू शिकायला भारतात आले. ते भारतातले परदेशी विद्यार्थीच होते. ह्युएन त्संग नालंदेत शिकला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. पण वाटेत सिंधू नदी ओलांडताना वादळाने नाव हेलकावली आणि त्याची काही हस्तलिखिते पाण्यात गेली. बाबासाहेबांच्या पुस्तकांचे जे समुद्रात झाले तेच साडेबाराशे वर्षांपूर्वी सिंधूत झाले होते. ह्युएन त्संगने काय केले? तो तिथेच थांबला आणि बुडालेल्या ग्रंथांपैकी काहींच्या नकला करून आणण्यासाठी माणसे पाठवली. चीनला गेल्यावर काही वर्षांनी त्याने भारतातील एका आचार्यांना पत्र लिहिले. हरवलेल्या ग्रंथांची यादी जोडली आणि विनंती केली की, जमल्यास हे पाठवावेत.

दुसरा भिक्खू इत्सिंग. तो ६७१ साली चीनहून जहाजाने निघाला. वाटेत श्रीविजय म्हणजे आजच्या सुमात्रा बेटावर थांबून तो संस्कृत व्याकरण शिकला. पुढे नालंदेत सुमारे दहा वर्षे शिकला. परतताना पुन्हा श्रीविजयला राहिला आणि ग्रंथांचे लेखन-भाषांतर करू लागला. पण तिथे कागद मिळेना, शाई मिळेना, नकला करणारा माणूस मिळेना. ६८९ साली चीनला जाणारे एक जहाज बंदरात होते. इत्सिंगने पत्र लिहिले: मला कागद हवा, शाई हवी, लेखनिकांच्या खर्चासाठी पैसे हवेत. ते पत्र देण्यासाठी तो स्वतः जहाजावर चढला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, खलाशांनी शिडे उभारली, आणि इत्सिंगला उतरताच आले नाही! कागद मागायला गेलेला विद्यार्थी सरळ चीनला जाऊन पोहोचला. त्याचे सगळे ग्रंथ श्रीविजयलाच राहिले. ही हकीगत त्यानेच लिहून ठेवली आहे. चीनमध्ये त्याने लोकांना गरज सांगितली, मदतीला चार भिक्खू मिळवले आणि त्याच वर्षी तो समुद्र ओलांडून पुन्हा श्रीविजयला गेला. पुढे ६९५ साली सुमारे चारशे ग्रंथ घेऊन तो मायदेशी परतला.

बंधू-भगिनींनो, आपण इत्सिंगला महान प्रवासी म्हणतो. पण त्याच्या कार्याच्या मध्यभागी काय आहे? शाई-कागदासाठी लिहिलेले एक पत्र. ते लिहिण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आणि चीनमधील लोकांनी "तू उपाशी राहून लिही" असे त्याला सांगितले नाही. त्यांनी माणसे दिली.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: तुम्ही परदेशात असाल, नागपूरला असाल, पुण्याला असाल. पुस्तक नसेल, पैसे संपले असतील, तर पत्र लिहा, फोन करा. वेळेवर करा. सहा महिन्यांनी नको. भारत सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तो तुमचा हक्क आहे. अर्ज करा, नियम स्वतः वाचा, कागदपत्रांचे तीन संच ठेवा, हप्ता अडला तर लेखी विचारा. पण हक्काचा पैसा यायला कधी कधी वेळ लागतो आणि पोटाला तेवढा वेळ कळत नाही. त्या मधल्या दोन महिन्यांचे काय? हा प्रश्न विद्यार्थ्यांचा नाही. तो माझा, तुमचा, या संस्थेचा आहे.

सभासदांपुढे मी एक सूचना ठेवतो. अलीकडे बाबासाहेबांना अभिवादन करताना हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन देण्याची चांगली प्रथा पडली आहे. ती आपण एक पाऊल पुढे नेऊ. संस्थेने एक फिरता निधी काढावा. बाहेर शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिल्या तीन महिन्यांसाठी त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी. शिष्यवृत्ती आली की त्यांनी ती परत करावी, म्हणजे पुढच्याला मिळेल. रामजींनी दागिना गहाण ठेवला आणि पेन्शन आली की सोडवला, त्याच रीतीने. फक्त आता कुठल्या बहिणीचा दागिना सावकाराच्या पेटीत जाणार नाही. एक अट मात्र माझी आहे. पैसे देताना व्यासपीठावर बोलावून फोटो काढायचा नाही. मागणाऱ्याची मान खाली जाईल असे काही करायचे नाही. पहिली वर्गणी म्हणून माझी एका महिन्याची पेन्शन मी आजच अध्यक्षांकडे देत आहे.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. १९५४ साली भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते. ते पडले. आपल्या जिल्ह्याच्या नावावर ती नोंद कायमची आहे. आता ती पुसता येत नाही. पण याच भंडाऱ्याच्या प्रत्येक तालुक्यातून, तुमसरपासून लाखांदूरपर्यंत, मुले जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत जाऊन बसतील आणि त्यांच्यापैकी एकालाही पुस्तकासाठी जेवण सोडावे लागणार नाही, एवढे तर आपल्या हाती आहे. माझी भाची शिकून परत आली आहे, आज या सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. तिच्या उरलेल्या वह्या तिने येताना तिथल्या एका नव्या मुलाला दिल्या. भंडाऱ्याच्या बाजारातली वही तिकडे अजून कोणी तरी लिहीत असेल.



जयभीम! नमो बुद्धाय!